सकाळच्या पाठाआधी ती घोटभर घेते: सांगावं की गप्प बसावं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मला समजला तो असा. तुम्ही आणि तुमची मैत्रीण शिक्षक प्रशिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि वसतिगृहात एकाच खोलीत राहता. गेल्या वर्षी ती फक्त सुट्टीच्या दिवशी प्यायची, मग रोज रात्री प्यायला लागली. सराव पाठांसाठी शाळेत जायला सुरुवात झाल्यापासून ती सकाळी निघतानाही पाण्याच्या बाटलीतून थोडी घेते. "मग हात थरथरत नाहीत, फळ्यावर अक्षर नीट येतं," असं म्हणते. तिची टाचणं, म्हणजे पाठाची लेखी तयारी, आता बहुतेक तुम्हीच लिहिता. मागच्या महिन्यात तिने सातवीच्या वर्गाला व्यसनांच्या दुष्परिणामांवर पाठ दिला आणि निरीक्षकांनी 'उत्तम' असा शेरा मारला. तुम्ही विचारताय, प्राध्यापकांना सांगू का? सांगितलं तर तिचं करिअर संपेल आणि नाही सांगितलं तर... पुढचं वाक्य तुम्ही अर्धंच सोडलंय. शिवाय कंसात एक ओळ आहे: "मी फक्त जागं राहण्याच्या गोळ्या घेते, ते वेगळं." त्या कंसाकडे मी शेवटी येणार आहे.

मी पंधरा वर्षं छात्राध्यापकांना शिकवलं, वर्गाच्या मागच्या बाकावर बसून त्यांच्या पाठांवर शेरे लिहिले. गेली बारा वर्षं व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक आहे. मी डॉक्टर नाही. खाली औषधांबद्दल जे लिहिलंय ते डॉक्टरांसमोर बसताना काय विचारायचं हे तुम्हाला माहीत असावं एवढ्यासाठी.

'सांगू की नको' या एका प्रश्नात तुम्ही तीन प्रश्न गुंडाळलेत. एक तिच्या शरीराचा, तो आजचा आहे. दुसरा वर्गातल्या मुलांचा, तो उद्या सकाळचा आहे. तिसरा तिच्या करिअरचा, त्याला अजून काही महिने आहेत. तुम्ही तिसऱ्यापासून विचार सुरू केलात, म्हणून पाय उचलत नाहीये. आपण पहिल्यापासून जाऊ.

सकाळी हात थरथरतात आणि घेतल्यावर थांबतात, हे तुम्ही सहज लिहून गेलात. आमच्या कामातल्या माणसाची नजर आधी तिथेच अडकते. जॉन यूइंग या अमेरिकन डॉक्टरांची 'केज' नावाची चार प्रश्नांची चाचणी १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली, ती आजही वापरतात. पिणं कमी करावंसं वाटलं का, कोणी टोकल्यावर राग आला का, पिण्याबद्दल अपराधी वाटलं का, आणि सकाळी उठल्यावर मन थाऱ्यावर आणायला किंवा रात्रीची उतरवायला घेतली का. दोन प्रश्नांना 'हो' आलं की पुढे तपासतात. माझ्या अनुभवात मात्र शेवटचा 'हो' एकटाच इतर तिघांना भारी असतो.

कारण असं. दारू मेंदूला मंद करते. रोज मंद केला जाणारा मेंदू त्याची भरपाई म्हणून स्वतःला चढ्या सुरात ठेवायला शिकतो. रात्रीतून दारू उतरते, पण तो चढा सूर लगेच खाली येत नाही. मग थरथर, घाम, धडधड, मळमळ आणि कशाची म्हणून सांगता येत नाही अशी भीती. तुमची मैत्रीण त्याला पाठाची भीती म्हणते. असेलही. मागच्या बाकावर शेरे लिहिणारा माणूस बसलाय आणि समोर चाळीस मुलं टक लावून बघताहेत, तेव्हा हात कुणाचाही थरथरेल. पण हे दोन थरथराट वेगळे करता येतात आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. तिला विचारा: ज्या दिवशी पाठ नसतो, सुट्टी असते, त्या सकाळीही हात थरथरतात का?

माझ्या उत्तरातल्या बऱ्याच गोष्टी या एका प्रश्नावर अवलंबून आहेत. थरथर फक्त पाठाच्या दिवशीच असेल, तर दारू हे तिने स्वतःच स्वतःला लिहून दिलेलं भीतीवरचं औषध आहे. औषध वाईट आहे, कारण उतरताना ते भीती व्याजासकट परत करतं. पण अशा भीतीवर चांगले उपचार आहेत आणि सुटका तुलनेने सोपी आहे. सुट्टीच्या सकाळीही थरथर असेल, तर शरीर दारूवर अवलंबून झालंय असं धरून चाला. मग प्रश्न इच्छाशक्तीचा उरत नाही.

आणि मग एक गोष्ट करायची नाही. बाटली ओतून टाकायची नाही, आणि 'आजपासून बंद' अशी शपथही घालायची नाही.

हे मी माझ्याच चुकीतून शिकले. निरीक्षक असताना माझ्याकडे एक छात्राध्यापक होता (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलतेय). पहिल्या तासाला त्याचा आवाज कापायचा, फळ्यावरची ओळ उतरती जायची. दोन सत्रं मी त्याच्या निरीक्षण वहीत एकच शेरा लिहिला: 'आत्मविश्वास वाढवावा'. पुढे गोष्ट उघड झाली. आम्ही पाच जणांनी त्याला खोलीत बसवून चांगलं दीड तास सुनावलं. तो रडला, त्याने शपथ घेतली आणि आमच्या डोळ्यांदेखत बाटली बेसिनमध्ये रिकामी केली. आम्हाला वाटलं, झालं काम. दुसऱ्या दिवशी रात्री वसतिगृहात त्याला झटका आला. जीभ चावली गेली, डोकं पलंगाच्या लोखंडी कडेवर आपटलं. खोलीतला दुसरा मुलगा टाचण लिहीत जागा होता म्हणून निभावलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, "याला एकदम बंद करायला कोणी सांगितलं?" आम्ही पाचही जण जमिनीकडे बघत होतो. मी या कामाकडे वळले ते तिथून.

वेळापत्रक साधारण असं असतं: शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर आणि घाम सुरू होतात, झटके आलेच तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येतात. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: नसलेल्या गोष्टी दिसतात, वेळकाळ कळत नाही, ताप चढतो. या अवस्थेला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार झाले नाहीत तर त्यात माणूस दगावू शकतो. रोज पिणाऱ्या प्रत्येकाला हे होतं असं मुळीच नाही, बहुतेकांना होत नाही. पण कोणाला होईल हे खोलीत बसून तुम्हाला ठरवता येणार नाही. डॉक्टरांना ते बऱ्यापैकी ठरवता येतं. काही दिवस उतरत्या मात्रेत औषधं आणि थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देऊन ही वाट सुरक्षित पार करता येते. म्हणून क्रम डॉक्टर आधी, बंद करणं नंतर, असा. मधल्या काळात झटका, गोंधळ किंवा भास यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, थेट आपत्कालीन विभाग गाठा आणि तिथे 'ही रोज पिते, शेवटची अमुक वाजता घेतली' हे स्पष्ट सांगा. लाजेपायी 'अशक्तपणा आहे' म्हणून सांगितलं गेलं की उपचार भलतीकडे जातात.

आता मुलांचं. इथे माझ्याकडे 'परिस्थितीवर अवलंबून' असं काही नाही. प्यायलेल्या माणसाने वर्ग घ्यायचा नाही, एकदाही नाही, 'फक्त दोन घोट' घेऊनही नाही. तिचा पाठ चांगला होतो की वाईट, याच्याशी याचा संबंध नाही. मूल पडलं, भांडण झालं, कुणाला श्वास लागला, तर त्या मिनिटाला वर्गात एकच मोठं माणूस असतं आणि त्याची शुद्ध पूर्ण असावी लागते.

आणि हा प्रश्न फक्त सकाळच्या घोटाचा नाही. शरीर तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जाळतं. जागतिक आरोग्य संघटना ज्याला एक प्रमाण पेय म्हणते त्यात दहा ग्रॅम असतं, म्हणजे एका पेयाला एक तास किंवा थोडा जास्त. रात्री नऊ ते एक या वेळात कुणी आठ पेयं घेतली तर ऐंशी ग्रॅमचा हिशोब पहाटे पाच ते सकाळी साडेआठच्या आसपास कुठेतरी पुरा होतो. पहिला तास आठ वाजता असेल तर रात्रीचीच दारू अंगात घेऊन ती फळ्यासमोर उभी असू शकते. कडक कॉफीने किंवा थंड पाण्याच्या अंघोळीने हा वेग वाढत नाही, प्यायलेला माणूस फक्त जागा होतो. बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच वजनाच्या पुरुषापेक्षा तेवढ्याच दारूने रक्तातलं प्रमाण जास्त चढतं, हेही जाता जाता लक्षात ठेवा.

तर उद्या सकाळी तुम्ही काय करायचं? तिने बाटलीला तोंड लावलेलं दिसलं तर तिला सांगायचं, आज तू शाळेत जायचं नाहीस, आजारी असल्याचं कळव. हे खोटं नाही, ती आजारीच आहे. मात्र ही सवलत एकदाच द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं या अटीवर. दुसऱ्यांदा तीच रजा म्हणजे पांघरूण. ती तरीही निघाली तर ती पोचायच्या आत शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षकांना फोन करायचा आणि जेवढं डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगायचं: "आज सकाळी ती प्यायलेली मी पाहिली, तिला वर्ग देऊ नका." व्यसनी आहे, इतके दिवस चाललंय, वगैरे निदान तुम्ही करायचं नाही. आणि असा फोन मी करेन, हे तिला आजच, ती शुद्धीत असताना, सांगून ठेवा. आधी सांगितलेलं असलं की त्या फोनला चहाडी म्हणता येत नाही.

थोडं थांबून मागे बघू. सुट्टीच्या सकाळचा प्रश्न विचारा, डॉक्टरांची वेळ घ्या, तोवर दारू एकदम बंद करायला लावू नका, आणि तोवर तिने वर्गात पाय ठेवायचा नाही. यातलं काहीही करायला प्राध्यापकांना सांगावं की नाही याचा निकाल लागायची गरज नव्हती.

आता तो निकाल. तुमची भीती मला खोटी वाटत नाही. छात्राध्यापकाची अडचण डॉक्टरकीच्या किंवा इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यापेक्षा थोडी वेगळी असते, आणि ती बाहेरच्यांना पटकन कळत नाही. इथे विषयाइतकंच तुमच्या वागण्याचं मूल्यमापन होतं. कपडे, आवाज, वेळेवर येणं, मुलांशी बोलणं, सगळ्यावर कुणीतरी वहीत काहीतरी लिहीत असतं. 'शिक्षक हा आदर्श असतो' हे वाक्य पहिल्या आठवड्यापासून कानावर पडतं. आदर्श व्हायला वेळ लागतो, दिसायला लगेच सुरुवात करावी लागते. शाळेत तुम्ही ना धड शिक्षक ना धड विद्यार्थी. शिक्षकांच्या खोलीत हक्काची खुर्ची नसते. रात्री दोनपर्यंत टाचण आणि तक्ते, सकाळी परत उभं राहायचं. आणि अडचण सांगायची तर कुणाला? जो ऐकणार तोच गुण देणार. माझ्या त्या विद्यार्थ्याला मी नंतर विचारलं होतं की माझ्याकडे का आला नाहीस. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या हातात वही होती."

तेव्हा माझं उत्तर असं: सांगायचं, पण पहिल्यांदा अशा माणसाला सांगायचं जिच्या हातात गुणांची वही नाही. महाविद्यालयात समुपदेशक असेल तर ती. नसेल तर तिच्या मूल्यमापनाशी संबंध नसलेल्या एखाद्या समजदार प्राध्यापिका, वसतिगृहाच्या अधीक्षक किंवा थेट बाहेरचं व्यसनमुक्ती केंद्र. मात्र जाण्याआधी एक प्रश्न विचारायचा: 'मी जे सांगेन ते कुठवर गुप्त राहील?' काही ठिकाणी मुलांच्या सुरक्षेचा मुद्दा आला की ऐकणाऱ्याला पुढे कळवणं बंधनकारक असतं, काही ठिकाणी नसतं. हे तुमच्या संस्थेच्या आणि तुमच्या इथल्या कायद्याच्या नियमांवर ठरतं, आणि ते सांगण्याआधी माहीत असलेलं बरं. परवान्याचं किंवा नोंदणीचंही तसंच: कुठे उपचार घेतल्याची नोंद विचारतात, कुठे फक्त गुन्हा किंवा शिस्तभंग विचारतात. एवढं मात्र मी अनेकदा पाहिलंय की स्वतःहून उपचाराला गेलेल्या विद्यार्थ्याला सत्र पुढे ढकलून मिळतं, आणि वर्गात सापडलेल्याला बहुधा मिळत नाही. तिचं करिअर तुमच्या सांगण्याने संपेल ही भीती आहे, पण न सांगण्यानेच ते संपण्याची शक्यता मला जास्त दिसते. माझा तो विद्यार्थी दीड वर्ष उशिरा उत्तीर्ण झाला. शिकवतो अजून.

तिच्याशी बोलायचं कसं? रात्री नाही, ती प्यायलेली असताना नाही आणि चार मैत्रिणी गोळा करून तर मुळीच नाही. आम्ही पाच जणांनी जे केलं त्याला मी आज मारहाणीचाच एक प्रकार म्हणते. १९९३ मध्ये विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी पिणाऱ्यांशी बोलण्याच्या दोन पद्धतींची तुलना केली होती. समुपदेशक जितका वाद घालत होता, आरोप करत होता, तितकं त्याच्याकडचं माणूस वर्षभरानंतर जास्त पीत होतं. तुम्ही "तू दारुडी झालीस" म्हणालात की ती "नाही" म्हणणार, आणि आपल्याच तोंडून आलेलं 'नाही' माणसाला जास्त पटतं. त्यापेक्षा पाहिलेल्या तीन गोष्टी तारखेसकट सांगा आणि मग विचारा. 'मंगळवारी तू बाटली घेऊन निघालीस. गुरुवारी तुझं टाचण मी लिहिलं. शनिवारी तुला रात्री काय झालं ते आठवत नव्हतं. तुला काय वाटतं?' मग गप्प बसा. ही शांतता फार जड जाते, शिकवणाऱ्या माणसाला तर जास्तच, आपल्याला रिकामी जागा भरायची सवय असते. ती म्हणेल, सगळेच पितात. यावर भांडू नका. १९८६ मध्ये पर्किन्स आणि बर्कोविट्झ या दोघांनी एका अमेरिकन महाविद्यालयात दाखवून दिलं की विद्यार्थी इतरांच्या पिण्याचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त करतात. पुढे इतरत्रही तसंच आढळलं. पिणारे गोंगाट करतात म्हणून दिसतात, न पिणारे खोलीत झोपलेले असतात. तिला आकडे हवे असतील तर जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची चाचणी तिने एकटीने भरावी. चाळीसपैकी आठ किंवा वर गुण आले तर पिण्याबद्दल बोलायची वेळ झाली, वीस किंवा वर आले तर तज्ज्ञाकडून अवलंबित्वाची तपासणी हवी. गुण तुम्हाला सांगायची सक्ती करू नका.

टाचणांचं मात्र मी थोडं कठोर बोलणार आहे. ती लिहिणं आजपासून बंद करा. तुम्ही प्रेमापोटी लिहिता हे मला कळतं, पण पिण्यामुळे तिचं जे अडायला हवं होतं ते तुमच्यामुळे अडत नाहीये. टाचण नाही म्हणून एक पाठ बुडाला असता, कुणीतरी विचारलं असतं, गोष्ट दोन महिने आधी उघड्यावर आली असती. तिची हजेरी लावणं, तिच्या वतीने खोटं बोलणं, उधारी फेडणं, सगळं याच खात्यात जमा होतं. तिला जेवायला न्या, डॉक्टरांकडे सोबत जा, रात्री जागून गप्पा मारा, ते खातं वेगळं. पिणाऱ्यांच्या जवळच्या माणसांसाठी अल-अनॉन नावाचे गट १९५१ पासून चालतात. १९३५ मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसचंच हे भावंड. तिथे ती यायची गरज नाही, तुम्ही एकट्या जाऊ शकता. मी जायला सुचवते.

त्या 'उत्तम' शेऱ्याबद्दल तुम्ही लिहिलंय की पाठ बघताना तुम्हाला तिची चीड आली, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. चीड यायला हरकत नाही, पण तो ढोंगीपणा होता असं मला वाटत नाही. यकृताचं चित्र, तीन घोषणा आणि शेवटी शपथ, एवढ्यावर कुणाचं पिणं सुटत नाही हे तिच्याइतकं त्या वर्गात कुणाला ठाऊक होतं? १९८३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेला 'डेअर' हा कार्यक्रम आठवतो. गणवेशातले पोलीस वर्गात येऊन मुलांना नशेविरुद्ध धडे द्यायचे. तो जगभर पसरला, आणि वर्षानुवर्षांच्या अभ्यासांतून दिसलं की मुलांच्या पुढच्या सेवनावर त्याचा परिणाम जवळजवळ नव्हता. प्रशिक्षणात आपण अजूनही त्याच साच्याचे पाठ बसवतो आणि त्यांना चांगले शेरे देतो, मीही दिलेत. दुष्परिणाम माहीत नसणं ही तुमच्या मैत्रिणीची अडचण कधीच नव्हती. ती सावरली तर हा विषय ती जास्त चांगला शिकवेल, पण आत्ता तिला हे सांगू नका. सावरण्यावर आणखी एक अपेक्षा लादल्यासारखं होतं.

उपचारांबद्दल दोनच गोष्टी, बाकीचं डॉक्टर सांगतील. पहिली, ती परत घसरू शकते. व्यसनाच्या उपचारानंतर पुन्हा सेवनाकडे वळण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के सांगितलं जातं आणि दमा किंवा रक्तदाबाच्या रुग्णांचंही साधारण तसंच असतं. रक्तदाब पुन्हा चढला तर आपण माणसाला ढोंगी म्हणत नाही, गोळी बदलतो. दुसरी, 'न कळत पाण्यातून द्यायचं औषध' कुणी सुचवलं तर स्पष्ट नकार द्या. ते बहुधा डायसल्फिराम असतं. ते अंगात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, उलट्या आणि जोराची धडधड सुरू होते, रक्तदाब कोसळू शकतो. रुग्णाला माहीत असताना, त्याच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते उपयोगी पडतं. चोरून दिलं तर ती विषबाधाच. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधंही आहेत, त्यांची चौकशी करा. तिच्या घरी कळवायचं का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. ती सज्ञान आहे. जिवाला धोका नसेल तर आधी तिला विचारून. काही घरांत कळल्यावर मदत होते, काही घरांत पिण्याचं मूळच घरात असतं.

आता तो कंस. जागं राहण्याच्या कोणत्या गोळ्या ते तुम्ही लिहिलेलं नाही. मोडाफिनिल असेल तर तिची निम्मी मात्रा शरीरातून जायलाच बारा ते पंधरा तास लागतात. रात्री दहाला घेतलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही पाठ देत असतानाही अर्धीच्या आसपास अंगात असू शकते. ती गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करते, आणि बंद केल्यानंतरही महिनाभर. घेताना अंगावर पुरळ आलं तर ताबडतोब थांबवून डॉक्टरांना दाखवावं लागतं. लक्ष लागण्यासाठीची मिथाइलफेनिडेट असेल तर धडधड, भूक मरणं आणि सवय लागणं, हे सगळं त्यात येतं. आणि या गोळ्या घेणाऱ्या बहुतेकांना मी एक प्रश्न विचारते, तो तुम्हालाही: मग झोप येण्यासाठी काय घेता? त्या उत्तरात झोपेची गोळी असेल तर ती खोलीत उघडी ठेवू नका आणि 'आज तरी शांत झोप' म्हणून मैत्रिणीला कधीही देऊ नका. दारू आणि झोपेची गोळी दोन्ही श्वास मंदावतात. एकत्र आल्या तर झोपेतच श्वास थांबू शकतो.

ती दोन बाटल्या लपवते, तुम्ही एक पाकीट ठेवता. 'ते वेगळं' आहे हे मला मान्य, प्रमाण वेगळं आहे, धोका वेगळा आहे. पण रात्री दोनला तुम्ही गोळी घेऊन तिचं टाचण लिहिताय आणि समोरच्या पलंगावर ती पिऊन झोपलीये, त्या खोलीत दोघींनाही एकच ओझं झेपत नाहीये. तिचं टाचण लिहिणं थांबवलंत तर तुमची अर्धी गोळी आपोआप सुटेल असा माझा अंदाज आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी, डॉक्टरांकडे वेळ घ्याल तेव्हा दोघींच्या नावे घ्या. तिला सांगताना 'तुला दाखवायचंय' असं न म्हणता 'मला माझ्या गोळ्यांबद्दल विचारायचंय, तू सोबत चल, तुझंही विचारू' असं सांगता येईल, आणि त्यात एक शब्दही खोटा नसेल. तिने ऐन वेळी यायला नकार दिला तरी तुमची वेळ रद्द करू नका.